कॅप्टन पंचा

चित्र वरून खाली, एकेक रेघ करत उमटत होतं. आधी अश्लेषाच्याच हातची तिरकी अक्षरं आली, ‘कॅप्टन पंचा, भाग चौदावा’. मग थोडं आभाळ, मग एक टक्कल, टकलावरचे तीन केस, आणि मग एक कान. कानापाशी येऊन सगळं थांबलं. “लाइन गेली वाटतं. बसा मॅडम, येईल,” असं म्हणून नेट कॅफेवाला चहा प्यायला बाहेर गेला. विश्रामबागेतल्या त्या गाळ्यात संगणक चार आणि पंखा एक होता, आणि शेजारी इंजिनिअरिंगची दोन मुलं एकाच पडद्यात डोकी घालून बसली होती. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून अश्लेषा त्या कानाकडे बघत राहिली. कानातून बाहेर आलेला पांढऱ्या केसांचा झुपका, पाळीला लहानपणी नवसाने पाडलेलं भोक, ते ओघळून झालेली चीर. तिने नाक बदललं होतं, मिशी काढून टाकली होती, पोट दुप्पट केलं होतं आणि उंची निम्मी. हा कुणीही म्हातारा आहे, असे म्हातारे गल्लीगल्लीत असतात, असं ती पहिल्या भागापासून स्वतःला सांगत आली होती आणि ते तिला पटतही होतं. कान तेवढा बदलायचा राहून गेला होता. घरी कागदावर तो सगळ्या चित्रात मुरून जायचा. इथे तोंड नाही, धड नाही, नुसता कान, आणि तो तिच्या सासऱ्यांचा होता. शेजारची मुलं तिचाच नववा भाग वाचत होती. त्यातल्या एकाने तोंडाने लांबलचक ढेकर काढून दाखवला आणि मागोमाग म्हणाला, “अन्नदाता सुखी भव.” दुसरा हसता हसता खुर्चीवरून घसरायला आला. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. घरातलं मळकं धुणं कुणी भर रस्त्यात उलगडून बघत बसावं तसं तिला वाटलं, आणि हे धुणं तिनेच बाहेर आणून दिलं होतं. लाइन परत यायची वाट न बघता ती उठली.

किळस मोठी प्रामाणिक असते. माया आणता येते, आदर तर रोज सकाळी आंघोळ केल्यासारखा चढवता येतो, पण किळस आणता येत नाही आणि घालवू म्हटलं तर जात नाही. पंचाण्णव साली ती साताऱ्याहून लग्न होऊन सांगलीला आली. सासूबाई, उमाबाई, आधीच गेलेल्या. घरात राजस, त्याचे वडील तात्या आणि ती. तात्या रेल्वेत स्टेशन मास्तर होते, लोणंदला, रहिमतपूरला, शेवटची काही वर्षं मिरजेला. जन्मभर इंजिनाच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे ते “मीठ दे” म्हणाले तरी फलाटावरच्या माणसाला सांगितल्यासारखं वाटे. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ती दचकून उठली ती बाथरूममधल्या आवाजाने. कुणीतरी गुदमरतंय असं वाटून ती दाराशी धावली, तर आत तात्या जीभ घासत होते. तीन ओकाऱ्या, मग खाकरणं, मग घशाच्या तळातून ओढून आणलेला बेडका, तो थुंकल्याचा आवाज, आणि मग पाच मिनिटं गुळण्या, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. राजस कुशीवर वळून म्हणाला होता, “तात्यांचं रोजचं आहे. झोप तू.” रोजचंच होतं. रोज तपकीर, तपकिरीच्या सात शिंका आणि तो रुमाल, जो तिला धुवायला लागे. जेवताना आमटीचे भुरके, कवळी टाळूवरून सुटून परत बसल्याचा टक् असा आवाज, जेवणानंतर आगपेटीच्या काडीने दात कोरणं आणि कोरून झाल्यावर ती काडी नाकाशी नेऊन हुंगणं. काडी ते का हुंगतात, हा प्रश्न तिने चार वर्षं मनात ठेवला होता. आणि शेवटी ढेकर. ताटावरून उठण्याआधी, हात उष्टाच असताना, स्वयंपाकघराकडे तोंड करून, छातीभर, आणि त्याच श्वासात “अन्नदाता सुखी भव.” ताज्या पोळीचा घास तिच्या तोंडात असायचा आणि तो तोंडातच राहायचा.

साताऱ्याच्या घरी असं नव्हतं. शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांत कुणाचा आवाज म्हणून व्हायचा नाही. तिचे वडील तोंड मिटून जेवायचे, घास किती वेळा चावला हे समोर बसूनही कळायचं नाही. पाणी प्यायचे ते सुद्धा चोरून प्यायल्यासारखं. लहानपणी अश्लेषाला वाटे, सगळीच माणसं अशी असतात. तिची आई मात्र एकदा भाजी चिरता चिरता मध्येच रडायला लागली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, “काही नाही ग. तीस वर्षं झाली, आवडलं का नाही ते एकदा तरी बोलावं माणसानं.” अश्लेषाला तेव्हा आईचा राग आला होता. एवढ्या नीटस माणसाबद्दल तक्रार कसली करायची. पुढे सांगलीच्या ताटाशी बसून तिला त्या नीटस माणसाची इतकी आठवण यायची, की डोळ्यांत पाणी यायचं, आणि तात्या विचारायचे, “तिखट लागलं का ग? पाणी घे, पाणी घे,” आणि स्वतःचं उष्टं भांडं पुढे सरकवायचे. तोंड मिटून जेवा, हे तीन शब्द तिला सांगता आले नाहीत. सासऱ्याला असं सांगतात कसं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

राजसकडे कॉमिक्सची एक लोखंडी पेटी होती. लहानपणी तात्यांनीच फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणून दिलेली. उडणारे वीर, भिंती चढणारे वीर, बुरखा घालून छपरांवरून फिरणारे वीर. पलूसजवळच्या कारखान्यातून राजस दमून आला की हातपाय धुऊन त्या पेटीतलं एखादं काढून वाचत पडे. वीस वर्षांपूर्वी वाचलेलं परत परत वाचण्यात त्याला काय मिळत होतं कोण जाणे. त्याचा हॉस्टेलमधला मित्र रविराज, हा मूळचा पलूसचाच, आता अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात होता आणि त्याने इंटरनेटवर एक जागा उघडली होती. जगभर पांगलेली अशीच कॉमिक्सवेडी मुलं तिथे आपापल्या हाताने त्या वीरांची टिंगल काढून लावायची. कुणी उडणाऱ्या वीराला जकात नाक्यावर अडवून ठेवलं होतं, कुणी बुरखेवाल्याला गॅसच्या रांगेत उभं केलं होतं आणि मागची बाई त्याला म्हणत होती, आधी तोंड दाखवा, मग नंबर लावा. राजसने ती छापून आणलेली पानं दाखवली तेव्हा अश्लेषा, चित्रकलेचा कोर्स करून चार वर्षं भाकऱ्याच थापणारी अश्लेषा, सहज म्हणाली, “हे सगळे वीर जन्मात कधी थुंकत नाहीत, शिंकत नाहीत. एकालाही ढेकर येत नाही.” राजस म्हणाला, “मग तू काढ की.” तिने काढला. पट्टेरी नाड्याची चड्डी पायजम्याच्या वरून, खांद्याला गाठ मारून पाठीवर सोडलेला पंचा, हातात तांब्या. पहिल्या भागात कॅप्टन पंचा गुळण्या करतो आणि त्या पुरात चोरांची टोळी वाहून जाते. राजस हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि ठसक्यानंतर त्याने जो घसा खाकरला तो तिने ओळखला. तोच आवाज होता, तीस वर्षांनी कोवळा. हा कोण आहे, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या दोघांच्या संसारात एवढी जवळीक पूर्वी कधी आली नव्हती. रविवारी दुपारी दार लोटून घेऊन ती काढायची, तो शेजारी बसून पेन्सिली तासून द्यायचा आणि बापाच्या शिंकांवर पोट धरधरून हसायचा. तिला त्याच्याबरोबर हसायला आवडायचं आणि हसून झाल्यावर त्याच्याकडे बघवायचं नाही.

गंमत म्हणजे काढताना किळस यायची नाही. आदल्या दिवशी जो आवाज कानात गेल्यावर अंगावर काटा आला होता, त्याच आवाजाला कागदावर कसलं अक्षर द्यावं, बेडका हवेतून जाताना त्याला शेपूट काढावी की नको, याचा विचार ती अगदी शांतपणे करू शकत होती. पुढे पुढे तर ती ताटाशी बसून वाट बघायला लागली. आज कवळी सुटेल का, भुरका किती लांबेल. तात्यांना वाटे सून आता रुळली, समोर बसून जेवते, टक लावून आपल्याकडे बघते. ते खुलायचे. लोणंदच्या फलाटावर मेंढ्यांचा कळप कसा चढला आणि गाडी सव्वा तास कशी उभी राहिली, ते भाताचा घास गालात ठेवून सांगायचे, आणि ती गालाचा फुगवटा डोळ्यांत साठवून घ्यायची. नेट कॅफेतून नवा भाग रविराजकडे गेला की अमेरिकेतून, दुबईतून, बंगळूरहून लोकांचे अभिप्राय यायचे. अजून घाण काढा, लोक लिहायचे. एकाने लिहिलं होतं, आमच्या घरी असाच एक होता, गेल्या वर्षी गेला, तुमच्यामुळे परत भेटला. तो अभिप्राय राजसने मोठ्याने वाचून दाखवला आणि कागदाची घडी घातली. मग राजस म्हणाला, “पुढच्या भागात दात कोरू दे त्याला.”

त्या गुरुवारी नेट कॅफेतून ती घरी आली तर बाहेरच्या खोलीत तात्या आणि त्यांचे मित्र कोंडीबा माने बसले होते. माने म्हणजे आटपाडीकडचा माणूस, बाप मेंढरामागे जन्मभर फिरला, हा फौजेत गेला आणि हवालदार होऊन आला. आता ज्येष्ठ नागरिक संघाचा सेक्रेटरी. तिला बघताच तो उठून उभा राहिला.

“या सूनबाय. आमी तुमचीच वाट बघत हुतो. लय मोठं काम केलासा बगा.”

तिला काही कळेना. तात्या नुसते हसत होते, मिशीत तपकीर, डोळ्यांत पाणी. “एवढ्या पेन्सिली कशाला लागतात विचारलं, तेव्हा राजसनं सांगितलं मला,” ते म्हणाले. “तुझी चित्रं इंटरनेटवर आहेत, अमेरिकेतली माणसं बघतात. मला बोलली नाहीस ती.”

“रविवारी संध्याकाळी पाचला सत्कार,” कोंडीबा म्हणाला. “शाल, श्रीफळ. पेपरवाल्याला सांगून ठेवलंय. अन् प्रदर्शन. काल त्या नेटवाल्याकडं ग्येलो, म्हनलं आमच्या तात्यांच्या सुनेची हाईत न्हवं, किती हाईत? त्यो म्हनला चौदा. म्हनलं, समदी काढ. झेराक्सवाल्याकडनं ही एवडाली करून घेतली, पुट्ट्यावर डकवली.” त्याने भिंतीशी टेकवलेला गठ्ठा दाखवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने आवळलेला.

“तुम्ही बघितलीत?” तिने गठ्ठ्याकडे बघत विचारलं.

“म्या न्हाई बघितली. झेराक्सवाल्याला म्हनलं, उलटी ठेव, तशीच बांद. आवं, आधीच बघून ठेवलं तर सत्काराला मजा काय ऱ्हायली? समदी संगंच बघायची.”

सांगलीत सत्काराला कारण लागत नाही, निमित्त लागतं, आणि ज्याचा सत्कार त्याने केलंय तरी काय, याची चौकशी हार घालून झाल्यावर करायची पद्धत आहे. अश्लेषा म्हणाली, “तात्या, ती चित्रं तशी काही खास नाहीत. कॉमिक्स आहेत नुसती. टिंगल आहे.” तात्या म्हणाले, “टिंगल तर टिंगल. विनोद सगळ्यांना जमत नाही. तू उगाच विनय करू नकोस.” गठ्ठा तात्यांच्या खोलीत राहील असं ठरलं, कारण कोंडीबाच्या घरी नातवंडं फाडतील. तात्यांनी तो उचलून आपल्या कॉटखाली नेऊन ठेवला. उघडून बघितला नाही. सीलबंद वस्तू ठरल्या वेळेआधी उघडायची नाही, हे त्यांनी अडतीस वर्षं पाळलं होतं, आणि ते आता काय मोडणार.

राजसला तिने कानाचं सांगितलं. तो जेवत होता. “कान कोण बघतंय?” तो म्हणाला. मग जरा थांबून, घास गिळून, “आणि माणसाला स्वतःचा कान दिसतो कुठे? त्यांना काही कळणार नाही ग.” ती म्हणाली, “तू सांग त्यांना. तुझे वडील आहेत.” तो म्हणाला, “आता काय सांगायचं? माने पेपरात देऊन बसलेत. आणि काढलीस तू.” पेन्सिली तासून देणारा हा माणूस आमटीचा भुरका मारत होता, आणि तो भुरका इतका ओळखीचा होता की तिने ताट सरकवलं. किळस पसरते, तिच्या लक्षात आलं. एका माणसापाशी ती थांबत नाही. ओट्यावर, चादरीवर, शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासावर ती बसत जाते, आणि शेवटी आपल्याच हाताला वास येतो.

शनिवारी ती तात्यांची खोली झाडायला गेली. तात्या न्हाव्याकडे गेले होते, सत्कारासाठी कटिंग करून घ्यायला. कोट इस्त्री करून खुंटीला लावलेला, खाली पॉलिश केलेले बूट, न थांबणारी गाडी पास करायला फलाटावर उभे राहताना घालायचे तसे. तिने झाडू आत घातला तर तो गठ्ठ्याला लागला. तो तिने ओढून बाहेर काढला आणि मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. सुतळीची गाठ साधी होती. परसात बंब होता, जाळायला पाच मिनिटं पुरली असती. पाणी सांडलं, भिजली, काहीही सांगता आलं असतं, आणि तात्यांनी विश्वास ठेवला असता. ते उलट तिचीच समजूत घालत बसले असते. ती बराच वेळ गाठीवर बोट ठेवून बसली. आपण गाठ का सोडत नाही, हे तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं ते इतकं सरळ आलं की तिला स्वतःची शिसारी आली. तात्यांनी ती चित्रं बघावीत असं तिला वाटत होतं. चार वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते चौदा पुठ्ठ्यांनी एका संध्याकाळी सांगून टाकावं, तिला एक शब्द बोलायला लागू नये, आणि वर शाल मिळावी. तिने गठ्ठा कॉटखाली पूर्वी होता तसाच, भिंतीला टेकवून ठेवला. उशाशी तपकिरीचा रुमाल होता तो दोन बोटांच्या चिमटीत उचलला आणि धुवायला नेला.

रविवारी दुपारी कोंडीबा गठ्ठा घेऊन गेला आणि संघाच्या हॉलमध्ये त्याने सुतळीला चिमटे लावून चौदाही पुठ्ठे ओळीने टांगले. ती आणि राजस पोचले तेव्हा तो दाराशी उभा होता. तोंड उतरलं होतं. “सूनबाय,” तो हळू म्हणाला, “ह्ये… आदी म्हायती असतं तर.” मग आत बघून, “असू दे. पेपरवालाबी येऊन बसलाय.” आत तीस-चाळीस म्हातारी माणसं चित्रांपुढून सरकत होती. पहिल्या चित्रापाशी हसू, दुसऱ्यापाशी मोठं हसू, तिसऱ्यापाशी कुणीतरी कुणाला कोपराने ढोसायचं आणि कानाशी लागायचं, आणि तिथून पुढे सगळी खाली बघून हसत होती. ही सगळी माणसं रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत तात्यांबरोबर फिरायला जायची. त्यांना कानाचीसुद्धा गरज नव्हती. तिला व्यासपीठावर नेऊन बसवलं. खांद्यावर शाल आली, मांडीवर नारळ आला. तात्या सगळ्यांत शेवटी आले, कोट, टोपी, बूट, आणि ते येताच हॉल असा गप्प झाला की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तात्यांनी हात पाठीमागे बांधले आणि ते पहिल्या पुठ्ठ्यापाशी उभे राहिले.

तिला त्यांची पाठ दिसत होती. गुळण्या. दुसरा पुठ्ठा, तपकीर. तिसरा, रुमाल. प्रत्येकापाशी ते सारखाच वेळ थांबत होते, गाडीचे डबे तपासत चालल्यासारखे, आणि मग एक पाऊल पुढे. पाठ हलली नाही, मान हलली नाही. अजून हसतील, तिला वाटलं, म्हणतील, हा कोण बावळट आहे. तिने अगदी मनापासून इच्छा केली की त्यांना काही कळू नये, आणि त्याच वेळी त्यांच्या मानेवर काही दिसतंय का ते ती डोळे ताणून बघत होती. नवव्यापाशी ते वाकले. नवव्या भागात कॅप्टन पंचा जेवून उठतो, ढेकर देतो, “अन्नदाता सुखी भव” ही त्याची रणगर्जना, आणि शत्रूची फौज पाचोळ्यासारखी उडून जाते. शेवटच्या चौकटीत, अगदी कोपऱ्यात, तिने एक बाई काढली होती, बोटाएवढी. स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात डाव, आणि पदराने नाक दाबून धरलेलं. चौकट रिकामी दिसत होती म्हणून काढली होती. तात्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, परत लावला, आणि त्या बाईकडे बघितलं. कॅप्टन पंचाकडे नाही, त्या बाईकडे. मग वळून त्यांनी व्यासपीठाकडे बघितलं. अश्लेषाने खाली नारळाकडे बघितलं. पुढचे पाच पुठ्ठे त्यांनी पूर्वीसारखेच बघितले. कमी नाही, जास्त नाही.

“तात्या, दोन शब्द बोला,” कोंडीबाच म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार. तात्या माइकपाशी आले. त्यांनी घसा साफ करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. “माझ्या सुनेचं निरीक्षण चांगलं आहे,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मागच्या ओळीतून कुणीतरी मोठ्याने म्हणा असं म्हणालं. “हे सगळं खरं आहे. मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.” लोकांना हा विनोद वाटला. हॉल सुटल्यासारखा हसला, टाळ्या पडल्या, राजसनेही वाजवल्या. चहा आला. तात्यांनी कप हातात धरून ठेवला आणि निवू दिला. सगळ्यांचा पिऊन झाल्यावर भिंतीकडे वळून तो प्यायले.

सोमवारी तिला जाग आली तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं. काहीतरी चुकलंय असं वाटून ती उठून बसली. बाथरूमचं दार लागलेलं होतं आणि आत नळ पूर्ण सोडलेला होता, बादली भरून वाहत होती, पाणी मोरीतून नुसतं चाललं होतं. पाण्याच्या त्या धबधब्याखाली काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. ती दाराबाहेर उभी राहिली. जीभ घासल्याचा आवाज नाही, खाकरणं नाही. तात्या बाहेर आले, तिला तिथे उभी बघून बाजूला झाले, वाट दिली, आणि अंग चोरून खोलीत गेले. रुमाल त्यांनी स्वतः धुतला होता. परसातल्या तारेवर तो पिळून, चारी कोपरे ताणून वाळत टाकलेला होता. “तात्या आजारी आहेत का?” राजसने बूट घालता घालता विचारलं. मग म्हणाला, “रविराजला काल फोन केला होता, सत्काराचं सांगितलं. लोक पंधरावा मागताहेत. सत्काराचाच काढ, तो म्हणतो. धमाल येईल.” तो कारखान्यात गेला.

दुपारी तिने तात्यांना आवडतं म्हणून भरलं वांगं केलं. का केलं, ते तिला कळत होतं आणि त्याचीही तिला किळस आली. एवढ्या स्वस्तात कुणी काही भरून काढतं का. तिने दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. तात्या आले, पाटावर बसले, चित्राहुती घातल्या, पहिला घास केला आणि तो हातातच ठेवला. ती समोर बसली होती. घास हातात, हात ताटावर, असे ते थोडा वेळ बसून राहिले.

“अश्लेषा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रजेचा अर्ज द्यावा तसं ते बोलले. “माझं जेवण होईपर्यंत तू जरा आत बसतेस का?”

ती उठली. स्वतःचं ताट उचलून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून जमिनीवर बसली. मधल्या दाराला पडदा होता. तात्यांनी मागून उठून तो ओढून घेतला, कडेला राहिलेली फटही सारखी केली, आणि परत जाऊन बसले. मग ती ऐकत राहिली. भुरका नाही, कवळीचा टक् नाही, पाण्याचा घोट नाही. चार वर्षं जे तिला हवं होतं ते आता पडद्यापलीकडे होतं आणि तिच्या स्वतःच्या ताटातला भात निवत चालला होता. आपण चावलेला घास आपल्याच कानात केवढा वाजतो, हे तिला पहिल्यांदा जाणवलं, आणि तो तिने थुंकून टाकला. घड्याळात एक वाजला, सव्वा झाला. पलीकडे तात्या अजिबात आवाज न करता जेवत होते, आणि तसं जेवायला त्यांना फार वेळ लागत होता.